आज काय खाल्लं होतं?

बऱ्याच दिवसांपासून या विषयावर लिहायचं मनात होतं. धाकट्याला विचारलं, "लिहू का रे तुझ्याबद्दल?" तर म्हणाला, "लिही न ताई. फक्त नाव नको टाकू. गावाले तर सगळं माहीतच आहे." तेव्हा त्याच्या परवानगीनेच लिहितेय. आमची मामे-मावस भावंडं इथे वाचायला येतात, त्यांना यातलं अर्धं माहीत आहे. उरलेलं अर्धं खास त्यांच्यासाठी.

धाकट्याला फिट येतात. पहिली आली २०१० साली, बारावीत असताना. कुणी मिरगी म्हणतं, कुणी फेफरं, कुणी आकडी. पुस्तकी शब्द अपस्मार. मला हा शब्द आवडतो, कारण त्यात स्मृती निघून जाण्याचा उल्लेख आहे आणि ते अगदी खरं आहे. फिट आलेल्या माणसाला तेवढा वेळ काहीच आठवत नाही. जे काही कळतं ते बाजूला उभ्या असलेल्यांकडून. आणि बाजूला उभे असलेले म्हणजे आमच्यासारखं घर. वाशिम जिल्हा, रिसोड तालुका, घरात आई, बाबा, आजी, काका-काकू आणि अंगणात जमलेलं अर्धं गाव.

फिट ओसरली की पहिला प्रश्न ठरलेला. "आज काय खाल्लं होतं यानं?"

मग शोध सुरू. दुपारी दही खाल्लं होतं, मग दही बंद. पुढच्या वेळी आंबट वरण निघालं, आंबट बंद. एकदा अमावास्या होती, तेव्हापासून अमावास्येला घराबाहेर पडणं बंद. एकदा टीव्ही पाहताना आली, टीव्ही बंद. क्रिकेट बंद, कारण ऊन. विहिरीवर जाणं बंद, मोटारसायकल बंद. (शेवटच्या दोन गोष्टी मात्र योग्यच होत्या. विहिरीच्या काठावर फिट आली तर काय होईल ते सांगायला नको, आणि आपल्याकडे फिट येणाऱ्याला गाडी चालवायचा परवाना कायद्यानेच मिळत नाही.) आजी म्हणायची, "त्याले थंड देऊ नका म्हनलं होतं न मी!" काका म्हणायचे, "फार विचार करते हे पोट्टं." प्रत्येकाकडे एक कारण तयार होतं, आणि प्रत्येक कारणागणिक पोराच्या आयुष्यातली एक गोष्ट कमी व्हायची.

असं करता करता दोन वर्षांत घरात बंद गोष्टींची एक लांबलचक यादी तयार झाली. फिट मात्र चालूच.

२०१२ च्या दिवाळीत माहेरी गेले होते. धाकट्याची जीभ कडेला चावल्यासारखी दिसली. विचारलं तर आधी काही बोलेना. मग हळूच म्हणाला, "परवा रात्री आली होती. कोनाले सांगू नको." का रे? तर म्हणाला, "सांगितलं की एक गोष्ट बंद होते."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. म्हणजे अकोल्याचे डॉक्टर दर दोन महिन्यांनी विचारत होते, "मध्ये किती आल्या?" आणि त्यांना मिळणारा आकडा खरा नव्हता. त्या आकड्यावर गोळीचं प्रमाण ठरत होतं! घरातल्या सगळ्यांच्या मायेचा हा परिणाम होता.

पुढच्या वेळी मी सोबत गेले. डॉक्टर मोठे समजूतदार. त्यांनी एक गोष्ट फार छान समजावली. कारण वेगळं आणि निमित्त वेगळं. कारण मेंदूत असतं. जन्माच्या वेळचा त्रास, डोक्याला मार, मेंदूज्वर, नाहीतर न धुतलेल्या भाजीतून वगैरे पोटात गेलेली पट्टकृमीची अंडी; त्यातल्या अळ्या मेंदूत जाऊन बसतात, आपल्या देशात हे बरंच आढळतं. कितीतरी लोकांत तर कारण सापडतच नाही. निमित्त म्हणजे त्या दिवशीची ठिणगी. आमच्याकडच्या लोकांना हे पटकन कळेल. सोयाबीनची सुडी आधीच वाळून बसलेली असते, ठिणगी कुठून आली हा निराळा प्रश्न. सुडी ओली ठेवण्याचं काम गोळी करते. ठिणग्या टाळणं आपलं काम. पण कशाला ठिणगी म्हणायचं ते अंदाजाने ठरवायचं नाही, लिहून ठरवायचं.

आमच्या घरी लिहायची जागा आधीच होती. स्वयंपाकघरातलं कालनिर्णय. आई त्यावर दुधाचा हिशेब लिहायची, त्याच चौकोनात धाकटा लिहू लागला. गोळी घेतली की बरोबरची खूण, रात्री किती तास झोप झाली तो आकडा, ताप, उपास, प्रवास, जागरण असेल तर एक शब्द, आणि फिट आली की लाल गोल आणि वेळ. शिवाय मी सगळ्यांसमोर एक अट घातली. एका फिटवरून काहीही बंद करायचं नाही. तीनदा जुळलं तरच तोंड उघडायचं. काका हसले, पण कबूल झाले.

कालनिर्णयाचा एक फायदा असा, की अमावास्या-पौर्णिमा छापूनच येते :)

दोन वर्षं लिहिलं. लाल गोल चौदा. मग एका दुपारी आम्ही दोघं जुनी पानं पसरून बसलो.

अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे एक दिवस धरून पाहिलं तर तीन फिट. आजी म्हणाली, "पाहा!" पण हिशेब करा. अमावास्येचे तीन दिवस, पौर्णिमेचे तीन, म्हणजे महिन्यातले सहा दिवस. चंद्राचा काही संबंध नसला तरी पाचातली एक फिट त्या दिवसांत पडणारच. चौदात तीन म्हणजे चंद्र निर्दोष. दही? चौदापैकी बारा दिवशी खाल्लं होतं. पण फिट न आलेल्या दिवशीही आमच्या घरात दही असतंच. फिटच्या दिवसाचाच जाब घेतला तर रोजची प्रत्येक गोष्ट गुन्हेगार ठरते. साध्या दिवसांची नोंद हवी ती यासाठी.

जुळलं ते असं. आदल्या एक-दोन दिवसांत गोळी चुकलेली, पाच वेळा. आदली रात्र जागून काढलेली, सहा वेळा. यातल्या तीन वेळा दोन्ही. दोनदा ताप. म्हणजे चौदातल्या दहांचा माग लागला. उरलेल्या चारांना काहीच निमित्त सापडलं नाही.

डॉक्टरांना नवल वाटलं नाही. म्हणाले, जगात कुठेही विचारा, चुकलेली गोळी, अपुरी झोप, ताप, मनावरचा ताण आणि दारू हीच नावं वर येतात. दारूत तर प्यायल्यापेक्षा रोज पिणाऱ्याने एकदम सोडल्यावर धोका जास्त. काही बायकांना पाळीच्या दिवसांत फिट वाढतात. आणखी एक गंमत त्यांनी सांगितली. काका म्हणत तसा धाकटा फिटच्या आदल्या दिवशी खरंच चिडचिडा व्हायचा, पण चिडचिडीमुळे फिट येत नाही. कितीदा ती फिटची पूर्वसूचना असते.

मग मोठा प्रश्न. गोळी का चुकते आणि झोप का जाते? इथे आमच्या भागातलं आयुष्य मध्ये येतं. गोळी चुकायची नवरात्रात, कारण कडक उपासात काही पोटात घ्यायचं नाही. गोळी चुकायची लग्नाला परगावी गेल्यावर, कारण पाकीट घरी. आणि पाकीट संपलं की रिसोडला ती मिळेलच असं नाही, वाशिमला कुणीतरी जाणार तेव्हा आणणार. झोप जायची हळदीच्या रात्री, सप्त्यात, सोंगणीच्या दिवसांत रात्रीच्या थ्रेशरवर. आणि सगळ्यात जास्त जायची ओलितात. गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचं, आणि वावरातली लाईन कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की हातात बॅटरी, पायात चिखल, पहाटेपर्यंत दारं धरायची. सहापैकी चार जागरणं ओलिताची होती. कुणाच्या खाण्यात फिट शोधत होतो आणि ती सापडली लाईनच्या वेळापत्रकात!

हे कळल्यावर उपाय साधे निघाले. रात्रीचं ओलित बाबा आणि काकांकडे, दिवसाचं धाकट्याकडे, आणि तेही कुणी सोबत असतानाच. पंधरा दिवसांच्या गोळ्या उरल्या की नवीन आणायच्या. एक पाकीट कायम बॅगेत. चुकलेली गोळी कधी घ्यायची, ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलेलं. उपासाचा निकाल आजीनेच दिला, "औषधाले उपास नसते." विषय संपला.

टीव्हीचाही निकाल लागला. लुकलुकत्या प्रकाशाने फिट येणारे लोक असतात. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये 'पोकेमॉन' कार्टूनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश भराभर उघडझाप झाला आणि सहाशेहून जास्त लोकांना, त्यात बहुतेक मुलंच, दवाखान्यात न्यावं लागलं. पण अपस्मार असलेल्यांतही असे लोक शंभरात तीनेकच. ई.ई.जी. काढताना डोळ्यांसमोर तसा दिवा लावून तपासतात. धाकट्याला काही झालं नाही, म्हणून टीव्ही परत सुरू. ज्यांना खरंच त्रास होतो त्यांनी वरातीतल्या डीजेच्या दिव्यांसमोर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकावा.

काही निमित्तं अगदी विचित्र वाटतील पण खरी आहेत. डोक्यावरून कढत पाणी घेतल्याने येणारी फिट कर्नाटकात बरीच दिसते आणि बंगळुरूच्या निम्हान्सने तिचा बराच अभ्यास केलाय. कोमट पाणी घेतलं तरी फरक पडतो. निलगिरीच्या तेलाने फिट आल्याच्या नोंदी बंगळुरूच्याच डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्यात. कापराचा खडा लहान मुलाने गिळला तर झटके येऊ शकतात. तेव्हा घरात कुणी काही विचित्र सांगितलं तर हसू नये. लिहावं आणि तीनदा जुळतं का पाहावं.

कांदा-चपलेचंही सांगून टाकते. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. कांदा शोधून, फोडून नाकाशी आणेपर्यंत तेवढा वेळ जातोच, आणि श्रेय कांद्याला मिळतं. करायचं एवढंच: कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, घड्याळ पाहायचं. पाच मिनिटांवर गेली किंवा लागोपाठ आली तर थेट दवाखाना.

२०१९ मध्ये धाकट्याचं लग्न झालं. मुलीकडच्यांना पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं. फार लोकांना माहीत नसेल, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारी फिट ही विवाहाच्या आड येणारी अट होती; १९९९ साली तो शब्द काढला. कायद्यातून निघाला, बैठकीतून निघायला वेळ लागतोय. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी, ज्या स्वतः या आजारातून गेल्यात, 'संवेदना' हा मदतगट उभा केला, त्यांच्या कामाबद्दल वाचून आम्हाला हे उघड बोलायचा धीर आला. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "याले काय काय चालत नाही?" आई म्हणाली, "झोप मोडलेली चालत नाही आन् गोळी चुकलेली. बाकी सगळं चालते."

आता वर्षाकाठी एखादी फिट येते. कधी निमित्त सापडतं, कधी नाही. त्या चार बिननिमित्ताच्या लाल गोलांचं मला जास्त महत्त्व वाटतं. प्रत्येक फिटला काहीतरी निमित्त असलंच पाहिजे असं धरून चाललं, की दरवेळी कुणाची तरी चूक निघते, आणि फिरून फिरून ती त्याचीच निघते. काही न सापडणं हेही एक उत्तर आहे, एवढं घराला कळलं आणि धाकट्याचं लपवणं थांबलं.

असो. मावशीकडच्या मंडळींना एक विनंती. येत्या लग्नात धाकट्याच्या ताटात कढी वाढताना दहादा विचारू नका, बिनधास्त वाढा. फक्त रात्री अकरा वाजले की पत्त्याच्या डावातून त्याला उठू द्या. त्याची बायको उठवायला येईलच, तिच्याशी वाद घालू नका.