हरिश्चंद्रगडाच्या समोच्च रेषा

हरिश्चंद्रगडाचा नकाशा स्वतः काढावा ही इच्छा माझ्या मनात उद्भवली ती गडाच्या विस्तारामुळे. कारण पुणे, ठाणे आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांच्या मुलखात पाय पसरून बसलेला हा डोंगर कोठूनही पाहिला तरी सबंध असा दिसत नाही, आणि खिरेश्वराकडून चढणाऱ्याला पाचनईची बाजू जशी अज्ञात राहते, तशीच पाचनईकडून येणाऱ्याला टोलारखिंडीची.

या नकाशाचा पाया इ. स. २००० च्या फेब्रुवारीत घातला गेला. एन्डेव्हर हे अंतराळयान पृथ्वीप्रदक्षिणा करीत असताना त्यावरील रडारने ११ दिवसांत भूपृष्ठाच्या फार मोठ्या भागाची उंची मोजली, आणि त्या मोजणीचे आकडे, सुमारे ३० मीटरच्या चौकटींत मांडलेले, आज कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. १९ अंश अक्षांश व ७३ अंश रेखांशापासून सुरू होणारा चौकोन मी घेतला, क्यूजीआयएस या मुक्त प्रणालीत उघडला, दर २० मीटरला एक याप्रमाणे समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, काढवून घेतल्या, आणि ओपनस्ट्रीटमॅपवर २००४ पासून स्वयंसेवक ज्यांची भर घालीत आले आहेत त्या नोंदींतील वाड्या, रस्ते, ओढे व पाऊलवाटा त्यांवर चढवल्या. छपाईसाठी १ : २५,००० हे प्रमाण ठरवले, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अडीचशे मीटर भरतो.

त्यानंतरचे काम मला अतिशय प्रिय आहे. रेषांत रेषा गुंतलेल्या त्या पडद्याकडे पाहता पाहता डोंगर हळूहळू वाचता येऊ लागतो: पिंपळगाव जोग्याच्या जलाशयावर एकही रेषा नाही, टोलारखिंडीपाशी त्या दोन्ही अंगांनी आत वळून डमरूच्या कमरेसारख्या आवळल्या जातात, पाचनईकडे त्यांत सैलपणा येतो आणि याच बाजूची चढण सोपी का म्हणतात ते चालण्यापूर्वीच कळते. पश्चिमेला कोकणकड्याशी मात्र सगळ्या रेषा एकमेकींवर चढून त्यांचा एक काळा पट्टा होतो. प्रत्येक चौकटीला उंचीचा एकच आकडा असल्यामुळे, माथा पुढे आणि पोट आत गेलेला तो कडा या पद्धतीने काढताच येत नाही. म्हणून तेथे रेषा पुसून मी कड्याचे दातेरी चिन्ह हाताने काढले.

छापलेला कागद घेऊन आम्ही पाचनईहून वर निघालो तेव्हा सोबत गावातले एक वृद्ध वाटाडे होते. त्यांनी नकाशा जमिनीवर पसरायला सांगितला, तो फिरवून समोरच्या डोंगराशी जुळवला, आणि मी निळ्या अखंड रेषेने काढलेल्या एका ओढ्यावर बोट ठेवले. "बाबा, इथं पाणी मिळेल ना?" असे मी विचारताच ते म्हणाले, "होळीपतुर असतंय. पुढं नाय." गडावर पाणी कोठे टिकते आणि कोठे आटते, हे अंतराळातून झालेल्या कोणत्याही मोजणीत नव्हते, चैत्रातल्या प्रवाशाला तर उंचीच्या आकड्यांपेक्षा तेच अधिक मोलाचे. त्या ओढ्याची रेषा मी तुटक केली, आणि ओपनस्ट्रीटमॅपवरही तो हंगामी असल्याची नोंद केली. जेथून घेतले तेथे काही परत करणे मला कर्तव्य वाटते.

नळीच्या वाटेचा प्रश्न याहून कठीण होता. बेलपाड्याहून कोकणकड्याच्या बाजूने चढणारी ती अरुंद, दगडधोंड्यांनी भरलेली घळ ३० मीटरच्या चौकटीत बव्हंशी बुजून जाते आणि समोच्च रेषांत ती आहे त्याहून सौम्य भासते. माहीतगार मंडळी तेथून चढतात हे खरे. परंतु कागदावरची तुटक रेषा सर्वांना सारखेच आमंत्रण देते, आणि वाचणारा कोण, त्याच्यापाशी दोर आहे की नाही, याची विचारपूस ती करीत नाही. म्हणून माझ्या नकाशात नळीचे नाव आहे, कड्याची चिन्हे आहेत, वाट काढलेली नाही; आणि नावाखाली बारीक अक्षरांत लिहिले आहे: दोर व जाणता सोबती असल्याशिवाय जाऊ नये.