आग, पाणी आणि सोमवारची संध्याकाळ

फायर ब्रिगेड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? लाल गाडी, ठणाणा वाजणारी घंटा आणि गाडीच्या मागे धावणारी पोरं. आतली माणसं कोण असतात, एरवी काय करतात, याचा विचार निदान मी तरी कधी केला नव्हता. नगरपालिकेची नोकरी, महिन्याला पगार, संपलं. म्हणून मागच्या जूनमध्ये सेमिस्टर संपवून मी सहा आठवडे अमेरिकेला मावशीकडे गेले आणि तिथल्या गावात आग विझवायला येणारी झाडून सगळी माणसं फुकट येतात असं काकांनी सांगितलं, तेव्हा मला ती शुद्ध थाप वाटली. अमेरिकेत? जिथे टायरमध्ये हवा भरायलासुद्धा मशीनमध्ये नाणी टाकावी लागतात, तिथे?

मावशीचं गाव पेनसिल्व्हेनियात आहे. गाव म्हणजे एक चौक, दोन चर्च, एक पोस्ट, आणि बाकी मक्याची शेतं. काका मूळचे सांगलीचे, मेकॅनिकल इंजिनिअर. नऊ वर्षांपूर्वी शेजाऱ्याने आग्रह केला म्हणून ते गावच्या फायर कंपनीत दाखल झाले. कंपनी म्हणजे धंदा नव्हे हं. तिथे स्वयंसेवकांच्या या संस्थेला फायर कंपनी असंच म्हणतात आणि तो शब्द फार जुना आहे. १७३६ साली फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिनने (हो, तोच पतंगवाला!) तीस सभासदांची युनियन फायर कंपनी काढली. प्रत्येक सभासदाने चामड्याच्या बादल्या आणि जळत्या घरातलं सामान भरून आणायला पिशव्या तयार ठेवायच्या असा नियम होता. आजसुद्धा अमेरिकेतल्या दर तीन फायरमनपैकी साधारण दोन स्वयंसेवक आहेत. (मराठी विभागाच्या संपादकांनी 'अग्निशामक' लिही म्हणून बजावलं होतं. पण कॉन्व्हेंटमधल्या मुलीच्या तोंडात फायरमनच बसलाय. सांभाळून घ्या!)

दर सोमवारी संध्याकाळी सात वाजता ड्रिल. काका ऑफिसातून येत, उभ्या उभ्या पोळीचा रोल खात आणि निघत. पहिल्या सोमवारी मीही मागे लागले. मला वाटलं होतं शिड्या, ज्वाळा, उड्या वगैरे काहीतरी बघायला मिळेल. प्रत्यक्षात काय, तर दोन तास पाणी!

पण त्या पाण्याने मला जिंकलं. चौकाच्या पलीकडे नळाची लाइन नाही, त्यामुळे हायड्रंट नाहीत. शेतावरच्या घराला आग लागली तर पाणी बरोबर न्यायचं किंवा ओढ्यातून ओढायचं. टँकर येतो आणि रस्त्यावर उलगडलेल्या ताडपत्रीच्या हौदात पाणी ओततो. लहान मुलांचा डुंबायचा तलाव असतो ना, तसाच, फक्त मोठा. टँकर परत भरायला जातो, तोवर पंप हौदातून पाणी उचलतो. सेकंड इयरला फ्लुइड मेकॅनिक्समध्ये आपण पाठ केलंय की वातावरणाच्या दाबाने पाणी फार तर १० मीटरच्या आसपास चढतं. तिथले लोक हे सूत्र लिहून दाखवणार नाहीत. पण ओढा रस्त्यापासून सहा-सात मीटरपेक्षा खाली असेल तर तिथे पंप लावायचा नाही, हे सगळ्यांना पाठ. आणि घर्षणाने होणारा हेड लॉस! तेवढंच पाणी न्यायचं असेल तर हा लॉस व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणजे अडीच इंचाच्या होजऐवजी पाच इंचाचा टाकला की सूत्राप्रमाणे तो बत्तिसाव्या हिश्श्यावर येतो. परीक्षेत मला हे चार मार्कांना आलं होतं. तिथे एक प्लंबर (तोच त्यांचा चीफ) ओरडत होता, "मोठा होज आधी! मोठा होज आधी!" तेव्हा ते चार मार्क कशासाठी होते ते कळलं.

नव्या माणसाला आत पाठवायच्या आधी दीडशे तासांहून जास्त शिक्षण लागतं. तेही नोकरी सांभाळून, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी, कित्येक महिने. जाड कोट, पँट, बूट, हेल्मेट, पाठीवर हवेचा सिलिंडर, सगळं मिळून वीस-पंचवीस किलोचं ओझं. सिलिंडरवर तीस मिनिटं लिहिलेलं असलं तरी जिना चढून काम करणाऱ्या माणसाला तो तेवढा पुरत नाही. अंगावरच्या सेटमध्ये एक यंत्र असतं. माणूस साधारण अर्धा मिनिट हलला नाही की ते कर्कश्श ओरडायला लागतं, म्हणजे सोबत्यांना पडलेला माणूस सापडावा.

दुसऱ्या सोमवारी त्यांना शोधायला कुणीतरी हवं होतं. नेहमीचा पुतळा दुरुस्तीला गेलेला. काकांनी माझ्याकडे बघितलं. "अगं, नुसतं पडून राहायचंय." मग काय, स्टेशनच्या माडीवर एका रिकाम्या खोलीत कपाटामागे जाऊन पडले. धूर नव्हता. त्याऐवजी शोधणाऱ्यांच्या मास्कच्या काचांवर मेणकागद चिकटवले होते, की डोळे असून नसल्यासारखे. खाली दार उघडल्याचा आवाज आला. मग कुणीतरी रांगतंय, उजवा हात भिंतीला घासत येतंय. तो मास्कमधला श्वास! आत घेताना वेगळा, सोडताना वेगळा. ते माझ्यापासून दोन हातांवर आले, थांबले, आणि दुसऱ्या भिंतीकडे वळले. हे नाटक आहे, खाली काका उभे आहेत, सगळं माहीत असूनही माझ्या घशातून "इकडे!" निघायच्या बेतात होतं. पुन्हा घासण्याचा आवाज. मग एक हातमोजा माझ्या घोट्यावर पडला आणि घट्ट बसला. मला ओढत बाहेर काढणारी बाई पन्नाशीची निघाली. गावात टपाल वाटते. मास्क काढून घाम पुसत म्हणाली, "तुझं पत्र आलंय." आणि खो खो हसली.

एक सांगायला हवं. आगीचे कॉल तसे थोडेच. जास्त करून रस्त्यावरचे अपघात, पडलेली झाडं, तळघरात शिरलेलं पाणी, आणि करपलेल्या टोस्टमुळे वाजलेले अलार्म. उरलेल्या वेळात ही मंडळी गावात हिंडतात. एका शनिवारी मी त्यांच्याबरोबर म्हाताऱ्या माणसांच्या घरी स्मोक अलार्म बसवायला गेले. दहा वर्षांपेक्षा जुना असेल तो काढायचा, नवा लावायचा, बटण दाबून दाखवायचं. काम दहा मिनिटांचं, पण आजोबा कॉफी प्यायल्याशिवाय सोडत नाहीत. प्रत्येक घरी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची: रात्री झोपताना खोलीचं दार लावून घ्या. बंद दार आग आणि धूर बराच वेळ अडवतं. पूर्वीपेक्षा आता याची गरज जास्त. अंडररायटर्स लॅबोरेटरीज या संस्थेने २००९ साली दोन दिवाणखाने शेजारी शेजारी पेटवून बघितले. जुन्या पद्धतीच्या लाकूड-कापसाच्या सामानाची खोली संपूर्ण पेटायला २९ मिनिटं लागली. फोम आणि प्लॅस्टिकच्या आजच्या सामानाची खोली चार मिनिटांच्या आत पेटली. ४ आणि २९. हे आकडे मला रात्री झोपताना आठवायचे, कारण मावशीचा सोफा फोमचाच आहे.

पैशांचं म्हणाल तर तो वेगळाच तमाशा. नवा बंब दहा लाख डॉलरच्या घरात जातो. त्यासाठी चिकन बार्बेक्यू, बिंगो, जत्रा, सगळं करतात. मावशीने बटाटेवड्यांचा स्टॉल लावला होता. दीड तासात घाणा संपला. असो.

आता त्या बुधवारबद्दल. सकाळी अकराला स्टेशनच्या छपरावरचा भोंगा वाजला. काका चाळीस मिनिटांवर ऑफिसात. मावशी आणि मी घरी. मक्याच्या शेतापलीकडे काळा धूर दिसत होता. मावशी खिडकीशी गेली आणि मोजायला लागली. स्टेशनकडे जाणारा रस्ता घरासमोरूनच जातो, आणि स्वयंसेवकांच्या गाडीत निळा दिवा असतो. "एक," मावशी म्हणाली. मग बराच वेळ काहीच नाही. भोंगा दुसऱ्यांदा वाजला. "दोन." तिसरी गाडी आली ती एकाहत्तर वर्षांच्या आजोबांची. ते बंब चालवतात, पंप सांभाळतात, पण आत जाण्याचं त्यांचं वय राहिलेलं नाही. मावशी तशीच उभी. एरवी रात्री पेजर वाजला की ती काकांवर चिडते, "आता वय काय तुमचं?" म्हणते. त्या दिवशी ती रस्त्याकडे बघत नुसती म्हणाली, "या ना रे कुणीतरी."

नियम असा आहे की दोघे आत जायचे असतील तर त्यांच्या मदतीला दोघे बाहेर तयार हवेत. आत माणूस अडकला असेल तरच अपवाद. घरातली बाई कुत्र्याला घेऊन अंगणात सुखरूप उभी होती. म्हणून ते तिघे बाहेरूनच पाणी मारत राहिले, शेजारच्या दोन गावांच्या गाड्या येईपर्यंत. तोवर स्वयंपाकघर आणि वरचं छप्पर गेलं.

संध्याकाळी सगळे जमले. काका, टपालवाली बाई, सगळे. कुणी कुणाला काही बोललं नाही. चीफ एवढंच म्हणाला, "आज सगळे कामावर होते." मग होज धुतले, वाळत टाकले, कोरडे होज गाडीवर घडी करून रचले. मीही हात लावला. भिंतीवर कर्तव्यावर गेलेल्या जुन्या सभासदांची नावं होती. ती बघून मी आजोबांना सांगितलं की आमच्याकडे १४ एप्रिलला अग्निशमन दिन असतो, कारण १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या गोदीत जहाजाचा स्फोट होऊन ६६ फायरमन गेले. त्यांनी होज खाली ठेवला. "एका दिवसात?" म्हणाले. मग पुन्हा घडी घालायला लागले.

घरी येताना काकांनी आकडे सांगितले. १९७० च्या दशकात एकट्या पेनसिल्व्हेनियात ३ लाखांच्या आसपास स्वयंसेवक होते. राज्याच्या २०१८ च्या अहवालात उरले सुमारे ३८,०००. नोकऱ्या गावाबाहेर गेल्या. घरटी दोघे कमावतात. आणि ते दीडशे तास. मी म्हटलं, "मग तास कमी करा की!" काका गाडी चालवता चालवता म्हणाले, "कुठले कमी करू, सांग. पाण्याचे, की तुला शोधलं ते?" माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि खरं सांगायचं तर अजूनही नाही. त्या शिक्षणामुळे माणसं जिवंत परत येतात, आणि त्या शिक्षणामुळेच येत नाहीत. दोन्ही खरं आहे.

स्टेशनबाहेर अक्षरं बदलता येतात असा एक फलक आहे. जत्रा संपली तशी तिची अक्षरं काढून तिथे लिहिलं: स्वयंसेवक हवेत, अनुभवाची अट नाही. मी निघाले त्या आठवड्यापर्यंत दोन अर्ज आले होते. एक सोळा वर्षांच्या मुलाचा. तिथे चौदाव्या वर्षापासून ज्युनिअर म्हणून घेतात, फक्त धोक्याची कामं देत नाहीत. दुसरा अर्ज त्या जळलेल्या घरातल्या बाईंचा. वय सदुसष्ट. खाली त्यांनी लिहिलं होतं की मला शिडी चढता येणार नाही, पण हिशेब ठेवता येतात आणि दिवसा मी घरीच असते.