बेताचा घास

हुलग्याचं माडगं हे आमच्या नेवासे तालुक्यात थंडीचं आणि आजारातून उठलेल्याचं खाणं. भाजलेल्या हुलग्यांचं पीठ पाण्यात कालवायचं, गाठी मोडायच्या, लसूण-जिऱ्याच्या फोडणीच्या आधणात सोडायचं आणि उकळी फुटेपर्यंत ढवळत राहायचं. माझ्या पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरचे पाणी, ताक, गाळलेलं वरण असे पातळ दिवस सरत आले, तेव्हा सासूबाईंनी माडगं केलं. इवलीशी वाटी आणि लहान मुलाचा चमचा. एक चमचा तोंडात घ्यायचा, जिभेवर घोळवायचा, मग हळूच गिळायचा. वाटी संपायला अर्धा तास लागे. आधी हुलग्याचा खरपूस वास येई, मागून लसूण, आणि शेवटी घशाशी जराशी तुरट चव रेंगाळे. लहानपणापासून भुरकलेल्या माडग्यात इतकं काही होतं!

वजन कमी करण्यासाठी केलेली माझी शस्त्रक्रिया स्लीव्ह प्रकारची. तीत जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात आणि एक अरुंद नळी ठेवतात. सुरुवातीला तिच्यात जेमतेम शंभर-दीडशे मिलिलिटर मावतं. भूक चेतवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढून टाकलेल्या भागातच तयार होतं, त्यामुळे सुरुवातीचे महिने पोटात कावळे ओरडतच नाहीत. नितीन गडकरींनी २०११ मध्ये वजनासाठी शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा आपल्याकडे घरोघरी तिची चर्चा झाली. पण टाके भरून आल्यावर माणूस रोज काय जेवतो, हे सहसा कुणी विचारत नाही. खरी गोष्ट तिथेच सुरू होते.

आता माझ्या ताटाचा क्रम ठरलेला आहे. आधी मटकीची उसळ, अंडं किंवा दही, मग भाजी, जागा उरली तर भाकरीचा चतकोर. दिवसाला साठ ग्रॅम तरी प्रथिनं पोटात जायला हवीत आणि वाटी एवढीशी, म्हणून पहिला मान त्यांचा. जेवताना पाणी नाही. जेवणानंतरही अर्धा तास थांबायचं. भाताने पोट लगेच तटतं, कोरडी पोळी छातीशी अडकते. भाकरी मात्र कुस्करून आमटीत भिजवली की सुखाने उतरते. माझं माहेर आमच्याच जिल्ह्यातल्या कर्जतचं. काळ्या मसाल्याच्या शिपी आमटीत भाकरी चुरून खाण्याची तिकडची रीत आता मला फार उपयोगी पडते. घास मऊ होऊन विरघळेपर्यंत चावायचा आणि पोट ‘पुरे’ म्हणालं की तिथेच हात थांबवायचा. पुढचा एक घासही जड होतो. छातीत कळ येते, तोंडात लाळ दाटते.

लोह, कॅल्शियम आणि बी-१२ च्या गोळ्या जन्माच्या सोबती झाल्या आहेत. जठर लहान झालं, आम्ल कमी झालं, की अन्नातलं लोह अंगी नीट लागत नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं नाव जोडलेला ‘धनशक्ती’ हा बाजरीचा वाण मुद्दाम लोहासाठी निवडलेला. भाकरीच्या एवढ्याशा तुकड्यातही जास्तीत जास्त सत्त्व असावं, हे आता मला घरातल्या धान्याच्या कोठीपर्यंत जाऊन पाहावं लागतं.

नेवाशात मोहिनीराजाचं देऊळ आहे. विष्णूने मोहिनीरूपात देवांना अमृत वाढलं ते इथेच, असं आमच्याकडे मानतात. त्या पंगतीत राहू लपून बसला, अमृत गळ्यापर्यंत पोचलं आणि शिर धडावेगळं झालं. शिर पडलं ती राहुरी आणि काया पडली ते कायगाव, असं गोदाकाठचे लोक सांगतात. पोट नसलेलं आणि तरीही हावरं राहिलेलं ते तोंड मला आता फार जवळचं वाटतं. शस्त्रक्रिया पोटापुरतीच होते. लग्नाच्या मांडवातली जिलेबी दिसली की मन अजूनही धावतं. पण गोड भरभर पोटात गेलं तर काळीज धडधडतं, घाम फुटतो, आडवं व्हावं लागतं. पोटाची भूक शांत असते तेव्हाही तोंडाची भूक जागी असते. तिला रोज समजावणं, कधी एका तुकड्यावर राजी करणं, हेच माझं नित्याचं काम.

पंगतीत ते अवघड जातं. आमच्याकडे माया वाढूनच दाखवतात. “एवढुशानं काय व्हायचं गं? घे की अजून!” असं म्हणत चुलत सासूबाई आमटीची पळी पुढे करतात. त्यांना वाटतं, नाही म्हणते म्हणजे परकी झाले. मग मी त्यांना शेजारी बसवून घेते. त्यांचं जेवण होईपर्यंत माझा एक घास चालू असतो आणि आमच्या गप्पाही.

ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती याच नेवाशात, १२९० मध्ये. तिच्या सहाव्या अध्यायात जिभेच्या आहारी गेलेल्याला योग साधत नाही असं म्हटलंय; हट्टाने भूक मारणाऱ्यालाही तो साधत नाही, हेही तिथेच सांगितलंय. ही दुसरी बाजू मला मोलाची वाटते. कमी खाणं ही शिक्षा नव्हे आणि तपही नव्हे. मी पोटभर जेवते. माझं पोट लहान आहे, इतकंच. तुमच्या पंगतीला माझ्यासारखं कुणी बसलं, तर त्यांना बेताने वाढा, त्यांच्या ताटाकडे टक लावू नका, आणि त्यांचा शेवटचा घास होईपर्यंत पानावरून उठू नका.