साडेतीन व्होल्ट

मराठी विभागासाठी लिहिण्याची ही माझी पहिलीच वेळ. शिक्षण सगळं कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादक मंडळाची!

माझे बाबा ट्रक चालवतात. गाडी स्वतःचीच, पण जुनी. लासलगावचा कांदा भरायचा आणि रात्रीत वाशी मार्केट गाठायचं. शाळेच्या फॉर्मवर 'फादर्स ऑक्युपेशन'समोर मी कायम 'ट्रान्सपोर्ट बिझनेस' लिहायचे. खोटं नव्हतं, पण का लिहायचे ते मला माहीत होतं.

2023 च्या दिवाळीत मार्केट बंद, गाडी दारात. जेवताना बाबा सहज बोलावं तसं म्हणाले, "गाडी काढून टाकावी म्हणतो." आई काहीच बोलली नाही, म्हणजे तिला आधीच माहीत होतं. पंधरा दिवसांपूर्वी इगतपुरीच्या अलीकडे रस्त्यात बंद पडलेली ट्रॅक्टरची ट्रॉली बाबांना अगदी जवळ गेल्यावर दिसली. चार हातांवर गाडी थांबली. "डोळे गेले माझे. रात्रीचं दिसत नाही आता." एवढंच म्हणाले आणि ताटावरून उठले. गाडी विकायची म्हणजे काय, हे मेसचं बिल भरणाऱ्या कुणाला सांगायला नको.

मी विचारलं, लाइट दाखवलेत का? दाखवले होते. वायरमनने बल्बचा होल्डर उपसून मीटर लावला, 27 व्होल्ट आले. "सप्लाय ओके आहे काका. फार तर शंभर वॉटचे बल्ब टाकू."

मला एकदम सेकंड इयरची वायवा आठवली. सरांनी विचारलं होतं, करंट शून्य असेल तर वायरमध्ये ड्रॉप किती? मी ताडकन 'शून्य' म्हणून मार्क घेतले आणि विसरून गेले. आता ते मार्क आमच्या अंगणात उभे होते. होल्डर काढला की करंटच वाहत नाही. मग वायर कितीही सडलेली असो, मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवणारच. मोजायचं ते बल्ब पेटलेला असताना.

सकाळी इंजिन चालू ठेवून, अप्पर लावून मोजलं. बॅटरीवर 27.4, बल्बवर 23.9. साडेतीन व्होल्ट वाटेतच गायब! त्यातला 1.1 तर नुसत्या अर्थिंगच्या गंजलेल्या बोल्टमध्ये.

"चोवीसचा बल्ब आहे, चोवीस मिळतायत की," बाबा म्हणाले. मुद्दा बिनतोड वाटतो, पण 24 व्होल्टच्या बल्बचा उजेड 28 व्होल्टवर तपासलेला असतो. आणि हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण 3.4 व्या घाताने बदलतो. व्होल्टेज तेरा टक्के कमी, तर उजेड सदतीस टक्के कमी! इतके दिवस बाबा त्याचा दोष स्वतःच्या डोळ्यांना देत होते.

कारण साधं होतं. दोन बल्बांचा मिळून सहाएक अँपिअर करंट बॅटरीतून केबिनमधल्या स्विचपर्यंत, तिथून डिपरच्या दांड्यापर्यंत आणि परत नाकापर्यंत बारीक वायरने फिरत होता. शंभर वॉटचे बल्ब टाकले असते तर करंट वाढला असता, ड्रॉपही वाढला असता आणि बहुधा स्विच वितळला असता. शिवाय ते नियमात बसत नाहीत.

उपाय म्हणजे रिले. जुन्या वायरने फक्त हुकूम द्यायचा, ओझं नव्या जाड वायरने उचलायचं. 30 नंबरच्या टोकाला फ्यूजमधून थेट बॅटरी, 87 ला बल्ब, 85 आणि 86 मध्ये कॉइल. अप्परला एक, डिपरला एक. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, नाहीतर वायर कुठे घासली तर गाडीच पेटायची.

हे सगळं बाबांना ऐटीत समजावून मी लाइट लावला आणि दोन मिनिटांत वास सुटला. मी बाजारातून 12 व्होल्टचे रिले आणले होते! दुप्पट व्होल्टेज म्हणजे कॉइलमध्ये चौपट पॉवर. बाबांनी रिले हातात घेतला, वरचा आकडा वाचला. "हे कॉलेजात नाही का शिकवत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसरे रिले आणायला आम्ही दोघं बाइकवर गेलो.

संध्याकाळी बल्बवर 26.9 आले. मी उत्साहाने गोडाऊनच्या भिंतीवर फोकस सेट करायला लागले, तर बाबांनी पाना काढून घेतला. "रिकाम्या गाडीवर नाही. माल भरला की मागून दबते, तोंड वर होतं. मग समोरच्याच्या डोळ्यात जातो उजेड." हे मला कुठल्याच पुस्तकात भेटलं नव्हतं. फोकस मार्केट उघडल्यावर, कांदा भरून झाल्यावर सेट केला.

त्याच रात्री मी केबिनमध्ये बसून वाशीपर्यंत गेले. पहिल्यांदाच. इगतपुरी जवळ आली तसे बाबा गप्प झाले. मग म्हणाले, "ती ट्रॉली इथं होती." त्यांनी अप्पर लावला. पार पुढच्या वळणापर्यंत रस्ता दिसत होता, कडेच्या पांढऱ्या पट्टीसकट. बराच वेळ त्यांनी काही म्हटलं नाही. नंतर डॅशबोर्डच्या कप्प्यात हात घालून एक चष्मा काढला आणि नाकावर चढवला. नंबर पाऊण. महिनाभर आमच्यापासून लपवून ठेवला होता.

"हा पण लागतोच गं," म्हणाले, आणि घाटासाठी गिअर कमी केला.