भिशीच्या पैशातला लॅपटॉप

आपल्या घरांत लॅपटॉप ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. शिवणयंत्र घरात येतं आणि चार पैसे मिळवून देतं, तसाच हा. म्हणून तो घेताना नुसत्या रूपावर जाऊन चालत नाही.

माझी मुलगी बी.कॉम. होऊन फोर्टमध्ये एका कर सल्लागाराकडे लागली. तिथे दर महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला जीएसटीआर-३बी भरायची घाई असते. मुदत टळली की दंड. साहेब म्हणाले, स्वतःचं मशीन असेल तर घरी काम देईन, त्याचे पैसे वेगळे. पण अंबरनाथहून सेकंड क्लासने उभ्याने जाणारी ती. जड ओझं खांद्यावर कसं नेणार? मला तेव्हाच भिशी लागली होती, ३० हजारांची. पाच घरच्या पोळ्या लाटून भरलेले ते पैसे.

पहिल्या दुकानात वहीसारखा पातळ, चकचकीत लॅपटॉप पुढे आला. ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठा. मुलगी म्हणाली, "आई, विंडोज ११ ला कमीत कमी एवढं लागतंच. मग माझं काम कुठे मावणार?"

मी विचारलं, "रॅम म्हणजे काय गं?"

"रॅम म्हणजे तुझा ओटा आणि साठा म्हणजे फडताळ. फडताळ कितीही मोठं असू दे, ओटा लहान असला की पोळपाट ठेवायला जागा नाही."

मला चटकन कळलं. पुष्कळ पातळ लॅपटॉपांत रॅम आतल्या बोर्डालाच सोल्डर केलेली असते. म्हणजे ओटा एकदा बांधला तो बांधला, मागाहून वाढत नाही.

मग आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. मोठ्या ऑफिसांतून निघालेली मशीन तिथे दुरुस्त करून विकतात. थिंकपॅड टी४८० पसंत पडला. २०१८ चं मॉडेल, १४ इंची पडदा, जाडी दोन सेंटिमीटर, वजन दीड किलोच्या जरा वर. रॅमला दोन स्लॉट. इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि विंडोज ११ त्याआधीच्या बहुतेक इंटेल प्रोसेसरांवर अधिकृतपणे चालत नाही. त्याहून जुनं मशीन स्वस्त मिळालं तरी महागात पडतं.

मुलीने दुकानातच प्रत्येक बटण दाबून पाहिलं, बिजागऱ्या तपासल्या, चार्जर काढून अर्धा तास मशीन चालवलं. 'पॉवरसीएफजी' आज्ञा देऊन बॅटरीचा रिपोर्ट काढला. बॅटरी नवी असताना किती साठवायची आणि आता किती साठवते, हे दोन्ही आकडे त्यात येतात. ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, पक्कं बिल आणि सहा महिन्यांची लेखी हमी धरून २२ हजार झाले. उरलेले ८ हजार मी बाजूला ठेवले आहेत, पुढेमागे बॅटरी बदलायला आणि रॅम वाढवायला.

भगिनींनो, लेकराला लॅपटॉप घेताना तीन गोष्टी विचारा. रॅम ८ जीबी आहे का आणि पुढे वाढते का? साठा एसएसडीचा आहे का? विंडोज ११ अधिकृतपणे चालतं का? पातळपणा त्यानंतर बघा. आपल्याला काय कळतंय म्हणून काउंटरपुढे गप्प राहू नका. पैसा आपल्या घामाचा आहे, तेव्हा विचारायचा हक्कही आपलाच.