तिरपा टॉर्च

"सार्, डिस्प्ले बर्तिल्ल." मॉनिटर काउंटरवर टेकवत गिऱ्हाईक एवढंच सांगतं. चित्र येत नाही. आमच्या घरात मराठी पिढ्यान्‌पिढ्या टिकली असली, तरी म्हैसूरच्या बन्नीमंटपात धंदा कन्नडमध्येच चालतो. तक्रार कुठल्याही भाषेत ऐकली तरी तेवढीच असते. तिच्या पोटात काय दडलंय, ते मात्र दर वेळी नव्याने शोधावं लागतं.

आधी केबल आणि पॉवर कॉर्ड बदलून बघायची. बरीच दुखणी तिथेच बरी होतात. नाहीच झालं, तर कॉम्प्युटर जोडून मॉनिटर चालू करायचा, दुकानातला दिवा घालवायचा आणि काळ्या पडद्यावर मोबाईलचा टॉर्च तिरपा धरायचा. नीट निरखलं की कधीकधी डेस्कटॉपवरचे आयकॉन भुतासारखे अंधुक दिसतात. म्हणजे चित्र शाबूत आहे, त्यामागचा उजेड गेलाय. एलसीडीची काच स्वतः उजेड देत नाही. मागून आलेला उजेड ती फक्त अडवते किंवा सोडते. जुन्या मॉनिटरमध्ये हा उजेड सीसीएफएलच्या बारीक नळ्यांचा, आणि त्या पेटवायला इन्व्हर्टर हजाराहून जास्त व्होल्टचा झटका देतो. चित्र येऊन दोन सेकंदांत गुल झालं, तर संशय नळीवर किंवा इन्व्हर्टरवर. नव्यांमध्ये एलईडीच्या पट्ट्या असतात. एका माळेतले दिवे एकापुढे एक जोडलेले, त्यामुळे एक दिवा तुटला की अख्खी माळ विझते.

पॉवरचा दिवाच लागत नसेल किंवा नुसता लुकलुकत असेल, तर मागचं झाकण उघडायचं. स्क्रू थोडेच असतात, खरी परीक्षा कडेच्या खाचांची. तिथे पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवत, टक्‌टक्‌ आवाज ऐकत पुढे जायचं. घाई केली की कड मोडलीच. आत पॉवर बोर्ड दिसतो. त्यावरचा मोठा कॅपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ भरलेला राहतो. २३० व्होल्टचा एसी डीसी होऊन तिथे सव्वातीनशेच्या घरात पोचतो, म्हणून रेझिस्टर लावून तो रिकामा केल्याशिवाय बोट आत घालायचं नाही.

मग लहान कॅपॅसिटर. चांगल्याचं डोकं सपाट असतं. बिघडलेल्याचं टम्म फुगतं, कधी खाचेतून तपकिरी राळ बाहेर आलेली असते. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष इलेक्ट्रोलाइटचे कॅपॅसिटर जगभर मदरबोर्डांत आणि मॉनिटरांत बसले होते. त्या काळातला मॉनिटर आला की माझी नजर आधी तिथेच जाते. बदली घेताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा थोडे जास्त, आणि १०५ अंश लिहिलेलाच. पांढरा पट्टा ऋण बाजूचा. उलटा बसवला तर तो फुटून स्वतःच चूक सांगतो.

पडद्यावर उभ्या रेघा असतील, तर मात्र मी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवतो. कड दाबल्यावर रेघ जाते आणि सोडल्यावर परत येते, तेव्हा काचेच्या कडेला चिकटवलेल्या चिपच्या पट्टीचा जोड सुटलेला असतो. तो जोड इथल्या टेबलावर बसत नाही. दसऱ्यानंतर असे मॉनिटर हमखास येतात. विजयादशमीची जंबूसवारीची मिरवणूक राजवाड्याहून निघून आमच्या बन्नीमंटपातच संपते, पण माझं काम वाढवते ती आदल्या दिवशीची आयुधपूजा. लेथ, रिक्षा, कॉम्प्युटर, सगळ्यांना गंध-कुंकू लागतं. मग कुणीतरी ओल्या फडक्याने पडदा पुसतं आणि ते पाणी खालच्या फटीतून नेमकं त्या पट्ट्यांवर उतरतं. आता मी आधीच बजावतो: गंध स्टँडला लावा, चामुंडेश्वरीला तेही पोचतं.

पॅनल गेलं की सरळ "नवा घ्या" म्हणतो. मॉनिटरच्या किमतीचा मोठा वाटा पॅनलचाच, त्यामुळे सुटं पॅनल आणून बसवणं सहसा परवडत नाही. जुन्याचा पॉवर बोर्ड आणि स्टँड मी गिऱ्हाइकाला विचारून ठेवून घेतो. उरलेला सांगाडा नोंदणीकृत रीसायकलरकडेच जायला हवा. सीसीएफएलच्या नळीत पारा असतो, आणि २०२२ चे ई-कचऱ्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागूही झालेत.

उघडून पाहण्याचे पैसे मी घेतो, "दुरुस्त करू नका" असा सल्ला दिला तरी घेतो. "काही केलंच नाही, मग पैसे कसले?" अशी कुरकुर होते. पण डाग द्यायला पोरगं चार दिवसांत शिकतं. पन्नास रुपयांच्या कॅपॅसिटरने काम भागेल की हजार ओतूनही भागणार नाही, हे ओळखायला वर्षं जातात. पैसे त्या ओळखीचे. आणि नको तो खर्च वाचला, तर गिऱ्हाईक पुढच्या वेळी माझ्याच दारात येतं.