पुन्हा कधी हाय?

पुण्यात शिकणाऱ्या माझ्या मैत्रिणीने एकदा पेपरातल्या नाटकांच्या जाहिरातींच्या पानाचा फोटो पाठवला. चौकोनाला चौकोन चिकटलेला. बालगंधर्व, शुक्र. रात्रौ ९॥. यशवंतराव, शनि. दु. १२॥. खाली तिचा मेसेज : "सांग, यातलं कोणतं बघू?"

मी ते पान मोठं करून करून वाचलं. उत्तर काय द्यावं कळेना. अर्धापुरात राहणाऱ्या माणसाला 'कोणतं बघू' हा प्रश्न पडत नाही. 'आहे का' एवढाच पडतो आणि बहुतेक दिवस त्याचं उत्तर 'नाही' असतं.

तसं अर्धापूर नांदेडपासून जवळच. आसनेचा पूल ओलांडला, भोकरफाटा मागे टाकला की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागतात, म्हणजे आलंच. केळी आणि नागवेलीची पानं, या दोन गोष्टींसाठी लोक आमचं नाव घेतात. नाटकासाठी आम्ही नांदेडला जायचं. आणि नांदेडातही नाटक 'सध्या सुरू' असं नसतं. ते एखाद्या रात्री होतं. मुंबई-पुण्याचं व्यावसायिक नाटक दौऱ्यावर आलं की चौकात फ्लेक्स लागतो, त्यावर टीव्हीवरचा चेहरा मोठा असतो आणि तिकिटाचा दर वाचून आपण फ्लेक्सचाच फोटो काढून घरी येतो. दुसऱ्या दिवशी ती मंडळी लातूरला किंवा परभणीला पोचलेली असतात.

बाकी जे काही आहे ते हिवाळ्यात. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी राज्य नाट्य स्पर्धा नांदेड केंद्रावर भरते, तेव्हा ते थोडे दिवस आमचं नांदेड आमच्यापुरतं पुणं होतं. साठी ओलांडलेली ही स्पर्धा आहे. रोज संध्याकाळी एक नाटक. नांदेडचे संघ, परभणीचे संघ. तिकीट दहा-पंधरा रुपयांचं, मध्यंतरातला चहा-समोसा त्याहून महाग. मधल्या रांगेत तीन परीक्षक कागद घेऊन बसलेले असतात आणि त्यांच्या मागच्या रांगेत दुसऱ्या संघांची पोरं, जी परीक्षकांपेक्षा कडक.

यात एकच गोम आहे. प्रत्येक नाटक एकदा होतं. तालमी दोन महिने, प्रयोग एक. पहिला नंबर आला तर अंतिम फेरीत आणखी एक, तोही दुसऱ्या शहरात. नाही आला तर त्याच रात्री सेट काढायचा, कारण उद्याच्या संघाचा टेम्पो सकाळी दारात येणार असतो.

२०२२ साली आम्ही अशा एका नाटकाच्या तालमी करत होतो. ६ नोव्हेंबरला प्रशांत दामल्यांनी त्यांचा १२,५०० वा प्रयोग केला. ती बातमी कुणीतरी तालमीच्या ग्रुपवर टाकली. आमच्या प्रकाशयोजनेवाल्या पोराने खाली लिहिलं, "आपल्याला फक्त १२,४९९ कमी पडू लालेत."

नाटक धरणात जाणाऱ्या गावाचं होतं. संहिता आमच्या सरांचीच, दिग्दर्शनही त्यांचंच. मी त्यात सत्तर वर्षांची म्हातारी. वय तेवीस. सगळं गाव उठून जातं, ही उठत नाही. तालमी एका शाळेच्या वर्गात, बाकं भिंतीला लावून. साडेनऊला सुटायचं आणि मग बाबा स्टँडवर गाडी घेऊन उभे. ते कधी आत आले नाहीत. "तुमचं चालू द्या," म्हणायचे आणि टाकीवर कोपर टेकून मोबाइलमध्ये केळीचे भाव बघत बसायचे.

पैसा कसा उभा राहतो, हे बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगते. कपडे घरचे. सेटचा दरवाजा एका पडलेल्या वाड्यातून मागून आणलेला, खरा, इतका जड की चौघांना उचलायला लागायचा. लाइट भाड्याने, मेकअपवाला भाड्याने, टेम्पो भाड्याने. प्रयोगासाठी परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, त्याची धावपळ वेगळीच. शासनाकडून निर्मितीखर्च मिळतो, पण तो नंतर. आधी प्रत्येकाने खिशातून काढायचे. आमच्यातला एक एमपीएससीवाला होता, त्याने टेस्ट सिरीजचे पैसे घातले. तो पास झाला नाही, तो विषय आम्ही काढत नाही.

प्रयोगाच्या आठवडाभर आधीपासून आई विचारत होती, कोणती साडी नेसू. आईने आयुष्यात थिएटरातलं नाटक पाहिलेलं नव्हतं. तिचं माहेर कळमनुरीकडचं. लहानपणी तिकडे जत्रेत रात्रभर चालणारी नाटकं पाहिलीत, पोत्यावर बसून, झोपेत. खुर्चीवर बसून एकही नाही.

आणि प्रयोगाच्या दिवशी दुपारी व्यापाऱ्याचा फोन आला. गाडी लागतेय, टोळी निघाली.

केळीवाल्याच्या घरी वाढलेल्यांना पुढचं सांगायला नको. आमची बाग त्या वर्षी लांबली होती, भाव रोज उतरत होता, आणि आज नाही म्हटलं की व्यापारी पुन्हा कधी येईल याचा भरवसा नसतो. घड काही थांबत नाही. बाबा काट्यावर उभे राहिले, आई टोळीच्या चहापाण्याला आणि घड मोजायला. रात्री आठला, मी चौकटीला धरून संवाद म्हणत होते तेव्हा, आई बॅटरीच्या उजेडात वहीत रेघा मारत होती.

प्रयोग चांगला झाला. म्हणजे मला तसं वाटलं. शे-दीडशे लोक होते. एका ठिकाणी कुणीतरी हुंदका दिला तो मला स्टेजवर ऐकू आला, आणि मी पुढचं वाक्य विसरले, आणि ती शांतता लोकांना अभिनय वाटली. आम्हाला नंबर नाही आला. मला अभिनयाचं प्रमाणपत्र मिळालं. ते घरी टीव्हीच्या वर आहे, बाबांनी फ्रेम करून आणलंय.

घरी आले तेव्हा आई जागी होती. हाताला केळीचा चीक. "रेकॉर्डिंग केलं ना गं कुणी?"

केलं होतं. तिसऱ्या रांगेतून, मोबाइलवर. आम्ही दोघी पांघरुणात बसून बघू लागलो. पुढच्या माणसाचं डोकं सतत मध्ये. आवाज विहिरीतून आल्यासारखा. आई तरी ते डोळे बारीक करून बघत होती, मध्येच थांबवून "ही कोण? ती सून का?" असं विचारत. आणि बेचाळिसाव्या मिनिटाला व्हिडिओ संपला. ज्याने काढला त्याचं स्टोरेज फुल.

"मग त्या म्हातारीचं काय झालं?"

मी म्हटलं, सांगत नाही. पुढच्या वेळेस येऊन बघ.

"पुन्हा कधी हाय?"

मी मोबाइल चार्जिंगला लावला. उत्तर दिलं नाही.

तेव्हापासून मला या गोष्टीचा राग येऊ लागला. आधी येत नव्हता. नाटक असंच असतं असं वाटायचं. मी एम.ए.ला दत्ता भगतांचं 'वाटा पळवाटा' वाचलं. दलित चळवळीतल्या पिढ्या एकमेकांसमोर उभं करणारं, इंग्रजीत भाषांतर झालेलं नाटक, आणि लेखक आमच्या नांदेडचे. मी ते वाचलंय. पाहिलेलं नाही. माझ्या वर्गातल्या एकानेही पाहिलेलं नाही. भरताच्या नाट्यशास्त्रावर लिहिणारे नरहर कुरुंदकर याच शहरात पीपल्स कॉलेजचे प्राचार्य होते. म्हणजे नाटकाबद्दलचा विचार आमच्याकडे भरपूर आहे, लिहिलेली नाटकंही आहेत. बघायला मात्र काही नाही. आम्ही नाटक परीक्षेसाठी वाचतो आणि स्पर्धेसाठी करतो.

डिसेंबरात बाबांसोबत माळेगावच्या यात्रेला गेले. खंडोबाची यात्रा, लोहा तालुक्यात. घोडे, गाढवं, उंट, भंडारा आणि तमाशाचे तंबू. बाबा बैलबाजारात रमले आणि मी एका फडाच्या तंबूबाहेर उभी राहिले. तिकीट खिडकीवर झुंबड. मागच्या बाजूला ट्रक, त्यात पेट्या, चुली, वाळत घातलेल्या साड्या. हे लोक आज इथे करतात, परवा दुसऱ्या गावी सुपारी असेल तिथे तेच करतात. त्यांचे हाल मला माहीत नाहीत असं नाही. कर्ज काढून फड उभा करतात. तरी मला हेवा वाटला. त्यांना कुणी 'पुन्हा कधी' विचारलं तर त्यांच्याकडे गावाचं नाव असतं.

सरांना हे बोलून दाखवलं की ते 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला'चं उदाहरण देतात. जालना जिल्ह्यातल्या जांबसमर्थचा राजकुमार तांगडे, शेती करणारा माणूस, त्याने लिहिलेलं. नंदू माधव यांचं दिग्दर्शन, संभाजी भगत यांचं संगीत, कलाकार तिकडच्याच खेड्यांतले. ते मुंबईपर्यंत गेलं, गाजलं. खरं आहे, आणि मला त्याचा अभिमानही आहे. पण एक गेलं म्हणून बाकीच्यांची वाट मोकळी होते असं नाही. आणि मला मुंबईला जायचंच नव्हतं. मला वीस किलोमीटरवर जायचं होतं.

म्हणून २०२३ च्या गणपतीत आम्ही आमच्या गल्लीतल्या मंडळाला गाठलं. त्यांना ऑर्केस्ट्रा हवा होता. ऑर्केस्ट्राचा भाव ऐकून ते आमच्याकडे वळले, यात कलेवरचं प्रेम किती होतं ते सोडून द्या. "तासाभरात बसवा," म्हणाले, "आरतीनंतर, नि बाराच्या आत." सरांनी दोन तासांचं नाटक तासाभरात आणलं. मुळातला नायक पुण्याला कंपनीत लागला होता, त्याचं काम प्रकाशवाल्या पोराने केलं, कारण त्याला सगळ्यांचे संवाद पाठ होते. मग प्रकाश कोण करणार? दोन हॅलोजन, चालू नि बंद. खऱ्या दरवाजाला टेम्पोचं भाडं परवडेना, म्हणून आमच्याच गोठ्याची चौकट उभी केली.

दोन-अडीचशे माणसं बसली होती. पोरं पुढे, बाया एका बाजूला, म्हातारे कट्ट्यावर. पलीकडच्या गल्लीतून डीजे. थिएटरात शांततेत म्हटलेली वाक्यं इथे ओरडून म्हणावी लागत होती, आणि गंमत म्हणजे काही वाक्यं ओरडूनच बरी वाटली. मोबदल्याच्या प्रसंगात, तलाठी कागद वाचून दाखवतो तिथे, नांदेडात कुणी हसलं नव्हतं. इथे कट्टा हसून हसून लोळला. तलाठी त्यांच्या ओळखीचा होता.

पाऊण तासाने पाऊस आला. आधी थेंब, मग धो धो. हॅलोजन आधी बंद केले, मग पळापळ. लोक गेले. मला वाटलं संपलं, पुन्हा बेचाळिसाव्या मिनिटालाच. तेवढ्यात शेजारच्या शाळेच्या व्हरांड्यातून आईचा आवाज, "इकडं या की! इथं करा उरलेलं!" ती डोक्यावर प्लास्टिकची खुर्ची उलटी धरून उभी होती.

चाळीसेक माणसं व्हरांड्यात दाटीवाटीने बसली. एक ट्यूबलाइट. चौकट आणणं शक्यच नव्हतं, मी वर्गाच्या दाराची चौकट धरली. शेवटचा प्रसंग असा आहे की सामान भरून झालंय, पोलीस आलेत, आणि म्हातारी चौकटीला मिठी मारून हंबरडा फोडते. मी फोडला. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की माझा आवाज मलाच नीट येत नव्हता. आई माझ्यापासून दोन हातांवर बसली होती आणि तिच्या डोळ्यांत काही नव्हतं. ती नुसती बघत होती, हिशोब तपासल्यासारखी.

घरी येऊन तिने ओला पदर पिळला, चहा ठेवला. मी वाट बघत होते. शेवटी म्हणाली, "चांगलं केलंस. पण तशी नाही रडत ती."

"कोण?"

मग तिने सांगितलं. तिचं आजोळ इसापूरच्या धरणात गेलं. ती तेव्हा परकर घालायची. मला तेवीस-चोवीस वर्षांत हे कुणी सांगितलेलं नव्हतं. तिच्या माहेरी गेलो की रस्त्यात ती पाण्याकडे बघून गप्प व्हायची, तो मला तिचा गाडी लागण्याचा त्रास वाटायचा. आमच्या केळीला कालव्याने येतं ते पाणी त्याच धरणाचं आहे, हे मात्र मला शाळेपासून माहीत होतं.

"बैलगाडीत सामान भरलं," आई म्हणाली. "मामा बाहेर उभा. अन् आज्जी आत शेण कालवून घर सारवू लागली. मामा म्हणला, माय, उद्या पाणी भरणार हाय इथं, कामून सारवतीस? तर म्हणली, पारोसं घर सोडून जाऊ नाही. सगळं सारवलं. उंबऱ्यापातुर. मग ओल्यावर पाय पडू नाही म्हणून मागच्या दारानं निघाली. रडली बिडली नाही कोणी."

तिने चहा गाळला. मी मोबाइल उचलून सरांना मेसेज टाकला, शेवट बदलायचा आहे, आत्ताच बोलायचंय. रात्रीचे बारा वाजून गेले होते. त्यांचा लगेच फोन आला. मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

मग म्हणाले, "करू. नक्की करू. पण प्रयोग कुठंय?"